बांध फुटला तेव्हा ‘जैसे थे’

आमच्या घरी देव्हारा नाही, त्या जागी संविधान आहे. त्यामुळे चौलजवळच्या आमच्या खाडीत एका कंपनीने खारफुटीची तिवरं तोडून भराव टाकायला घेतला, तेव्हा गावाच्या वतीने कोर्टात जायला मीच सगळ्यांच्या पुढे. जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेलं. जगण्याच्या हक्कात स्वच्छ पर्यावरणही येतं, हे भेटेल त्याला ऐकवायचो. थोरली बहीण, आक्का, हसायची. “हक्क मिलंल तवा मिलंल, आधी माजं भात वाचव,” म्हणायची. नवरा गेलेली बाई, तिचं सगळं खाडीचं खारं पाणी अडवणाऱ्या बांधाआडच्या एका शेतावर.

कोर्टाने ‘जैसे थे’चा आदेश दिला. भराव थांबला. आम्ही पेढे वाटले.

पुढच्याच अमावास्येच्या उधाणात बांध फुटला. आताशा भरती चढतेही जास्त, आणि तिला अडवणारी तिवरं आधीच गेली होती. आमच्याकडे रीत अशी, की बांधाला खांड पडली की घरटी एक माणूस घमेलं घेऊन धावतो आणि त्याच ओहोटीत ती बुजवतो. भावकीची भांडणं तेवढ्यापुरती गुंडाळून ठेवायची. त्या दिवशीही सगळे जमले. पण वकिलांचा फोन आला: ढेकूळही हलवू नका, आदेश मोडला म्हणतील, केस हातची जाईल. कायदा मानणारं आमचं गाव. माणसं रिकामी घमेली घेऊन परतली. समुद्राला मात्र कोणी आदेश बजावला नव्हता. पुढच्या भरतीला टेम्पो जाईल एवढं भगदाड झालं.

निकालाला वर्षं लागली. लागला तो आमच्या बाजूने. निरोगी पर्यावरण हा हक्क, बदलत्या हवामानाच्या तडाख्यापासून संरक्षण हाही हक्क. वाचताना ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. आक्कालाही वाचून दाखवला.

तिने एवढंच विचारलं, “मंग आता बांध घालायचा ना?”

नाही. खाऱ्या पाण्याने तिच्या शेतात छातीएवढी तिवरं उगवली होती, आणि त्याच हक्काने त्यांना हात लावायला बंदी आहे. ती हवीतच, हे मलाही पटतं. म्हणून तर जास्त जळतं.

हल्ली आक्का रेशनचा तांदूळ शिजवते. “आपल्या शेतातला न्हाय रं, सांभालून घे,” म्हणत मलाच आग्रहाने वाढते. मी मान खाली घालून जेवतो.