झाकण काढलेले कॉम्प्युटर

ज्या कॉम्प्युटरचं झाकण उघडायला मनाई आहे, तो मला फुकट दिला तरी नको. हे मी इतकी वर्षं सांगत आले आहे की घरच्यांनी ऐकणं सोडून दिलं आहे. नातेवाईक तर आता मला विचारतच नाहीत. परस्पर दुकानात जाऊन काहीतरी चकचकीत घेऊन येतात आणि ते बंद पडलं की मग माझी आठवण काढतात. मी जाते, दुरुस्तही करते, पण दोन शब्द सुनावल्याशिवाय उठत नाही.

आणि फुकट दिला तरी नको, हे नुसतं बोलायला म्हणत नाही. खरंच फुकट मिळत होते, नवेकोरे, खोक्यातले. त्याचीच ही हकिकत आहे.

सुरुवात शनिवार पेठेतल्या एका कॉम्प्युटर क्लासपासून करावी लागेल. पुण्यात तेव्हा गल्लोगल्ली असे क्लास निघाले होते. मी येरवड्याहून बसने यायचे. दारात चपला काढायच्या, हातरुमालाने हात पुसायचे, मग आत थंडगार खोलीत जायचं. धुळीतून मशीनला व्हायरस होतो, अशी आमच्या सरांची प्रामाणिक समजूत होती, त्यामुळे खोलीला एसी होता आणि पंखा नव्हता. प्रत्येक मशीनवर कापडी अभ्रा घातलेला असायचा आणि तो काढायचा मान सरांचा. एका मशीनपुढे तिघं बसायचो, त्यातला एक टाइप करायचा आणि बाकीचे दोघं बघायचे. बघणाऱ्यांत मी असणार हे ठरलेलं होतं. भिंतीवर छान वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘परवानगीशिवाय हात लावू नये.’

हा नियम सगळ्यांना सारखा होता, ते मी मान्य करते. सरही माणूस म्हणून वाईट नव्हते. पण काही वाक्यं सगळ्यांना सारखी ऐकू येत नाहीत. माझे आजोबा बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन, गाव सोडून पुण्यात आले होते. गावच्या आडाजवळ उभं राहून कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून वाट बघावी लागायची, हे माझ्या वडिलांनी, अण्णांनी, मला एकदाच सांगितलं होतं आणि पुन्हा कधी त्या विषयावर बोलले नव्हते. मी त्या थंड खोलीत बसून भिंतीवरची ती ओळ वाचायचे आणि माझ्या डोक्यात तिडीक जायची.

पुढे नोकरी लागल्यावर मी सुटे भाग जमवून स्वतःचं मशीन उभं केलं. मदरबोर्ड तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आणला, कॅबिनेट जुन्या बाजारातून. तिथे तेव्हा हार्ड डिस्क, नळाच्या तोट्या आणि कुलपं एकाच ताडपत्रीवर मांडलेली असत. सगळे जण वापरायचे ती सिस्टीम मी त्यावर टाकली नाही. एका मासिकाबरोबर सीडी मिळाली होती, तिच्यातलं लिनक्स टाकलं. पहिल्यांदा पडद्यावर काहीच उमटेना. मॉनिटरच्या क्षमतेचे आकडे फाइलमध्ये हाताने लिहावे लागतील आणि चुकीचे लिहिले तर मॉनिटर जळू शकेल, असं सोबतच्या माहितीत बजावलेलं होतं. मी लिहिले. जळला असता तर माझाच जळला असता. थोड्या वेळाने काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरसर वर सरकू लागली. कुठला भाग सापडला, कुठला सापडला नाही, आता काय चालू आहे, सगळं ते मशीन मला सांगत होतं. मला इतका आनंद झाला की मी आईला स्वयंपाकघरातून ओढून आणलं. तिने पदराला हात पुसत पाहिलं आणि विचारलं, ‘बिघडलं का गं?’

तिथपासून माझी मतं पक्की झाली. मॉडेम बाहेरचाच घ्यावा, दिवे लुकलुकणारा. आत बसवायचे स्वस्त मॉडेम निम्मं काम मशीनवर ढकलतात आणि ते कसं ढकलतात हे कुणाला सांगत नाहीत. कीबोर्ड जड हवा, ज्याच्या कळा वाजतात असा. पॉवर सप्लाय घेताना जो कंजुषी करतो त्याच्याशी मी हार्डवेअरवर बोलत नाही. रॅम बिघडली म्हणून फेकू नये, आधी तिच्या पिवळ्या कडा शाळेतल्या खोडरबराने पुसाव्यात. आणि सिस्टीम अशी असावी की जिचा आतला कोड मला वाचायचा असेल तर वाचता येईल. तुम्ही वाचणार आहात का, असं हसून विचारणारे खूप भेटले. मी घटनाही रोज वाचत नाही, पण ती कुणाच्या तिजोरीत बंद असलेली मला चालणार नाही. हे हौशी लोकांचं काम आहे, असं मला ज्या ऑफिसांत ऐकवलं जाई, त्यांतल्या कित्येकांचे सर्व्हर तळमजल्यावर याच सिस्टीमवर चालत होते. ते चालवायलाच तर मी हडपसरला नोकरीला होते.

अण्णांना हे सगळं आवडत नव्हतं. ते सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले आणि अधिकारी म्हणून निवृत्त झाले. कपड्यांना इस्त्री, कागदाला टाचणी, प्रत्येक वस्तू जागच्या जागी. माझं मशीन कायम उघडं असायचं, तारा बाहेर लोंबत असायच्या. ते येता-जाता म्हणायचे, ‘झाकण लाव. पाहुणे आले तर काय म्हणतील?’ आईने जुन्या साडीचा झालर लावलेला अभ्रा शिवून दिला. तो मी एक दिवस वापरला.

आमच्या विहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची मुलं तिथे बसतात. निवृत्तीनंतर अण्णा विहाराच्या समितीचे अध्यक्ष झाले आणि त्यांच्यामागे लागून मी अभ्यासिकेचा एक कोपरा मिळवला. कंपन्यांनी मोडीत काढलेली मशीन आणून, दोन बंद मशीनमधून एक चालू मशीन करत मी तिथे ओळीने कॉम्प्युटर मांडले. सगळ्यांवर लिनक्स होतं आणि मेनू मराठीत होते. जोडाक्षरं मधेच फुटायची, पण मराठीत होते. एकाही मशीनला बाजूचं झाकण लावलेलं नव्हतं, सगळी झाकणं भिंतीशी रचून ठेवली होती. मुलामुलींना जे हवं ते उघडायची, काढायची, परत बसवायची मुभा होती. नियम एकच होता. त्या कोपऱ्यात भिंतीवरून गच्चीच्या टाकीकडे पाण्याचा लोखंडी नळ जातो. कोरड्या हवेत अंगात वीज साठते आणि बोटाच्या एका ठिणगीने नाजूक भाग मरतो, म्हणून आधी त्या नळाला हात लावायचा आणि मग मशीनला. थोड्याच दिवसांत नळाचा तेवढा भाग हात लागून गुळगुळीत झाला.

मग ती देणगी आली. हडपसरच्याच एका मोठ्या कंपनीला समाजासाठी काहीतरी करायचं होतं. नवे कॉम्प्युटर, टेबलं-खुर्च्यांसकट. त्यांच्या अटी होत्या. मशीन फक्त कंपनीच्या माणसाने उघडायचं, आतली सिस्टीम बदलायची नाही, वर्गाची वेळ सोडून खोलीला कुलूप राहील आणि उद्घाटनाआधी जुनी मशीन तिथून हलवायची, कारण फोटोत ती बरी दिसणार नाहीत.

मी घरी येऊन अण्णांशी भांडले. म्हटलं, मुलांच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर काढून घेऊन त्यांना पुन्हा बघे करायचं असेल तर खुशाल घ्या.

अण्णा शांतपणे म्हणाले, ‘आपल्या पोरांनी कायम दुसऱ्याने टाकलेलंच का वापरायचं? एकदा तरी नवं, सीलबंद, त्यांच्या नावाने आलेलं मिळू दे की.’

त्यांचं म्हणणं खरं होतं आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. मी म्हटलं, ‘अण्णा, माझी मशीन जुनी आहेत, पण ती आपली आहेत. ही नवी असतील, पण त्यांचीच राहतील.’

‘तुला प्रत्येक गोष्टीत वाकडंच दिसतं,’ ते म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

समितीत सगळ्यांनी देणगीच्या बाजूने हात वर केले. मी समितीत नव्हतेच. मुलांनी आणि मी मशीन उचलून जिन्याच्या वळणावर रचून ठेवली. भंगारवाल्याला बोलवा असं सेक्रेटरी दोनदा म्हणाले, दोन्ही वेळा मी ऐकू न आल्यासारखं केलं. त्या काळात घरात आमचं बोलणं मीठ दे, दार लाव एवढ्यापुरतं उरलं होतं.

उद्घाटनाला मी गेले ती केवळ आईने शपथ घातली म्हणून. बुद्धवंदना झाली. कंपनीच्या एक मोठ्या बाई यायच्या होत्या, त्यांची वाट बघणं चाललं होतं. अभ्यासिका ओळखू येत नव्हती. सगळ्या मशीनना फिती बांधलेल्या, प्रत्येकाच्या पाठीवर सीलचा स्टिकर. अण्णा पांढऱ्या सफारीत एकेका टेबलापाशी थांबून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून मला माझाच राग आला, हेही सांगून टाकते. एका मशीनची फीत घसरून मागच्या पंख्याच्या जाळीत गेली होती. अण्णांना ते कसं बघवणार? ते वाकले आणि फीत काढायला त्यांनी हात पुढे केला.

‘काका, प्लीज, हात नका लावू,’ कंपनीचा तंत्रज्ञ धावत आला. मुलगा सभ्य होता, आवाजही मऊ होता. ‘आमच्याच माणसाने टच करायचं, असं आहे. नाहीतर वॉरंटीचा इश्यू होतो.’

अण्णांचा हात जागच्या जागी थांबला. मग त्यांनी तो मागे घेतला, पाठीशी नेला आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवला. माझ्या वडिलांना मी तसं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. कचेरीत त्यांनी भल्याभल्यांच्या फायली परत पाठवल्या होत्या.

‘आणि मुलांनी?’ त्यांनी विचारलं.

‘मुलांनी माउस-कीबोर्ड यूज करायचा ना काका. बाकी कशाला टच नाही करायचं.’

‘बंद पडला तर?’

‘कम्प्लेंट टाकायची. आमचा माणूस येईल.’

‘म्हणजे वाट बघायची,’ अण्णा म्हणाले.

तो मुलगा हसून हो म्हणाला. त्यात त्याची काही चूक नव्हती.

बाई आल्या. सत्कार झाला, शाल झाली, बाईंचं इंग्रजी-मराठी भाषण झालं. मग अध्यक्षीय चार शब्द. अण्णांनी खिशातून लिहून आणलेला कागद काढला, त्याची घडी न उलगडता तो परत खिशात ठेवला आणि कचेरीत बोलत तशाच आवाजात बोलले.

‘आपण एवढं आणलंत, त्याबद्दल समितीच्या वतीने आभार. पण ज्या वस्तूला हात लावायला दुसऱ्याची परवानगी लागते, ती आपल्या दारात ठेवायची नाही, असं आमच्या वडिलांनी आम्हाला शिकवलं होतं. मी ते मध्यंतरी विसरलो. तेव्हा आपण हे सगळं परत घेऊन जावं, ही विनंती. चहा तयार आहे, तो मात्र घेऊन जा.’

माइक बंद करून ते खाली बसले. आधी कुणाला काही कळलं नाही. मग जो गोंधळ व्हायचा तो झाला. सेक्रेटरी अण्णांच्या अंगावरच आले. आलेली लक्ष्मी लाथाडली, तुम्ही अध्यक्ष आहात की मालक, पोरांचं वाटोळं केलंत, सगळं ऐकवून झालं. काही जण अजूनही आमच्याशी बोलत नाहीत. बाईंनी मात्र चहा घेतला.

अण्णांनी त्याच आठवड्यात अध्यक्षपद सोडलं. समितीला न विचारता हे केलं, तेव्हा सोडणं भाग आहे, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. कोपरा काढून घ्यायची भाषा काही दिवस चालली. मी म्हटलं, काढून बघा. जिन्यावरची मशीन मुलांनी आणि मी पुन्हा वर चढवली.

एका संध्याकाळी मी तारा जोडत होते, तेव्हा अण्णा वर आले. हातात पिशवी होती, भाजीला निघाले होते. एक मशीन चालू केलं की लांब शिट्टी मारत होतं, पडदा काळाच.

‘का ओरडतंय?’ त्यांनी विचारलं.

‘उचलाउचलीत रॅम सैल झाली आहे. ती पट्टी, उजवीकडची. दाबून बसवायला पाहिजे.’ मी मशीन बंद केलं.

ते वाकले. हात पुढे नेला आणि मधेच थांबवला.

‘हात लावू?’

माझे वडील मला विचारत होते. मला रागही आला आणि रडूही आलं. मी म्हटलं, ‘विचारायचं नसतं, अण्णा. आधी नळाला लावा, मग हव्या त्या गोष्टीला लावा.’

त्यांनी पिशवी खाली ठेवली. भिंतीपाशी जाऊन पाण्याच्या त्या नळावर अख्खा तळवा ठेवला आणि उगाच बराच वेळ तसाच राहू दिला. मग येऊन अंगठ्याने रॅम दाबली. कट्‌ असा आवाज आला. मशीन चालू केलं, शिट्टी थांबली आणि पांढरी अक्षरं वर सरकू लागली. सगळी अक्षरं थांबेपर्यंत ते बघत उभे होते.

अण्णा आले आहेत म्हणून, इतक्या वर्षांच्या सवयीने, मी भिंतीशी ठेवलेलं एक झाकण लावायला उचललं.

‘राहू दे,’ ते म्हणाले. ‘उघडंच राहू दे.’