दाजींची टोपी

माझे दाजी सिल्वानो उवात्ता चालता चालता विणतात. सरोवरातल्या आमच्या ताकिले बेटावर त्यात नवल काही नाही, इथले सगळेच पुरुष विणतात. बायका सूत काततात, मागावर पट्टे विणतात. सुया मात्र पुरुषांच्या हाती. पण दाजी विणतात तसेच बोलतातही, आणि बोलण्याच्या भरात टाका सुटला की वाटेतच दगडावर बसून उसवायला घेतात. धक्क्यावरून घरी पोचायला त्यांना सगळ्यांत जास्त वेळ लागतो. माझी बहीण हुस्तीना म्हणते, "यांना मीठ आणायला पाठवलं की मी आधी बटाटे उकडून खाऊन घेते."

इथं लग्नाआधी मुलानं स्वतः विणलेली टोपी सासऱ्यापुढं ठेवायची असते. सासरा ती उलटी धरून तिच्यात पाणी ओततो. वीण इतकी घट्ट हवी की पाणी गळता कामा नये. दाजींची परीक्षा माझ्या वडिलांनी, तायता प्रुदेन्सियोंनी घेतली. मी तेव्हा सरोवरापलीकडं मजुरीला गेलो होतो, त्यामुळं मला ठाऊक ते सगळं दाजींच्याच तोंडचं. एक थेंब पडला नाही, असं ते सांगायचे. तायता जवळ बसलेले असले तर खोकायचे, बोलायचे मात्र काही नाहीत.

मागच्या वर्षी दाजींची लेक नोएमी सुट्टीत घरी आली. ती पुनो शहरात शिक्षिका व्हायला शिकते. कॉलेजनं प्रकल्प दिला होता: आपल्या गावची एखादी हस्तकला स्वतःच्या हातानं शिकायची आणि त्यावर लिहायचं. हुस्तीनानं लगेच माग मांडला. पण नोएमी म्हणाली, "माग मला येतो, आई. मला बाबांकडून टोपी शिकायचीय."

दाजींनी हातातलं विणकाम खाली ठेवलं. मग म्हणाले की मुलीच्या हातात सुया पाहून लोक हसतील. नोएमी म्हणाली, हसू देत, तेही लिहीन. दाजींनी सायकलच्या तारेच्या आपल्या जुन्या सुया तेल लावून पुसल्या आणि तिच्या हातात ठेवल्या.

लोक हसलेच. लग्न न झालेल्या पोराची टोपी वरून पांढरी असते, लग्न झालेल्याची सगळी लाल. नोएमीनं पांढऱ्या टोकाची घेतली, तेव्हा धक्क्यावर जो तो विचारू लागला, पोरगा कुठला? दाजी तोंडभर हसून सांगायचे, "पोरगी माझीच, आणि पोरगाही तीच. सासरा तेवढा शोधतोय."

पण शिकवताना या बोलघेवड्या माणसाचा आवाज एकदम हळू व्हायचा. दोरा मानेमागून घ्यायचा, अंगठ्यानं ओढायचा, ओढ प्रत्येक टाक्याला सारखी हवी. नोएमीच्या बोटांना चिरा पडल्या. दाजींनी त्यांना मेंढीची चरबी चोळून दिली आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी घे म्हणून सांगितलं. तिनं घेतली नाही. सुताला पीळ कमी पडतोय हे हुस्तीनाच्या लक्षात आलं. तिनं चाती काढली आणि सगळं सूत पुन्हा पिळून दिलं. टोपी पुरी झाली तेव्हा नोएमीनं ती थेट आजोबांपुढं ठेवली.

तायता अंगणात कोकाची पानं चघळत बसले होते. त्यांनी टोपी पाहिली आणि बाजूला सारली. "पाणी जावयाच्या टोपीत ओततात," ते म्हणाले. "ही काय कुणाचं घर चालवणार आहे?"

दाजी सासऱ्यांना कधी उलट बोलले नव्हते. त्या दिवशी ते पुढं झाले.

"तायता, तिनं माझ्यासारखंच विणलंय. माझ्या टोपीत ओतलंत, तसंच हिच्यात ओता. नापास करायची असेल तर करा, पण ओता."

म्हाताऱ्यानं टोपी पुन्हा हातात घेतली. मग हुस्तीनाला तांब्या आणायला सांगितला. टोपी उलटी धरून पाणी ओतलं. आम्ही सगळे वाकून बघत होतो. पाणी थांबलं. मग टोकाजवळून एक थेंब लोंबला आणि पडला. त्यामागून दुसरा.

"गळतेय," तायता म्हणाले. नोएमीचा चेहरा पडला. तेवढ्यात ते पुढं म्हणाले, "पण तुझ्या बापाच्या टोपीतून तर धार लागली होती."

आम्ही सगळे दाजींकडं वळलो. त्यांची मान इतकी लाल झाली की टोपी कुठं संपते ते कळेना.

"मग लग्न कसं लावलंत?" हुस्तीनानं विचारलं. इतकी वर्षं तिलाही ठाऊक नव्हतं.

"काय करणार? नाही म्हटलं तर हा तिथंच दारात बसून टोपी उसवायला लागला. एकीकडं उसवतोय, एकीकडं माझ्याशी मेंढ्यांच्या गप्पा मारतोय. जेवायलाही उठेना. म्हटलं, हा काही आता जायचा नाही. दिली मुलगी."

आधी हुस्तीना हसली, मग नोएमी, मग आम्ही सगळेच. दाजी उगाच सूत गुंडाळत राहिले, आणि शेवटी त्यांनाही हसू आवरेना.

नोएमीनं टोपी उसवली नाही. गळते तशीच कॉलेजात देणार, म्हणाली, आणि बाबांनी सोबत यायचं. दाजींनी ठेवणीतला पांढरा सदरा घातला, कमरेला हुस्तीनानं विणलेला पट्टा बांधला आणि होडीत बसले. वर्गात नोएमी बोलली, पोरापोरींनी प्रश्न विचारले आणि दाजींना उत्तरं देता देता भान राहिलं नाही. परतीची होडी निघून गेली. मग वसतिगृहाच्या पायरीवर बसून त्यांनी दोन मुलांना सुया धरायला शिकवल्या आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले.

हुस्तीनानं एकटीनं मेंढ्या आणल्या होत्या, दंव पडेल म्हणून बटाटे झाकले होते. ती काय काय बोलली ते इथं सांगत नाही. दाजी शेजारी बसून विणत ऐकत होते. ती दमली, तशी त्यांनी वर्गात सांगितलेली आपल्या टोपीची हकीकत सांगायला घेतली. आता त्या हकीकतीत पाण्याची धारही होती, आणि त्या धारेनं तायतांची विजार गुडघ्यापर्यंत भिजली होती. पलीकडून तायता खोकले.