पुढे चालणारी लावणी

१९७४ च्या जुलैत, एका रविवारी, मुंबईहून आलेल्या फोटोग्राफरने माझ्या हातावर पंधरा रुपये ठेवले. बांधावर तो आणि मी, खाचरात माझी बायको भाताची रोपं लावत होती. फोटो काढून पेटीत ठेवायचे आणि गिऱ्हाईक येईल तसे विकायचे, हा त्याचा धंदा.

लावणी करणारी बाई मागे मागे सरकते, म्हणजे लावलेलं रोप पायाखाली येत नाही. त्याला मात्र हसत समोर चालत येणारी बाई हवी होती. बायकोने माझ्याकडे पाहिलं. "चाल, पैसे घेतलेत," मी म्हणालो. याची लाज मला आजही वाटते.

जानेवारीत तो फोटो खोपोलीतल्या खताच्या दुकानात कॅलेंडरवर लागला. गावातल्या बायका तिला म्हणायच्या, "काय गं, आपलीच रोपं तुडवत चाललीस? लावणी इसरलीस का?" सगळ्यांत सरळ ओळ लावणारी माझी बायको दुसऱ्यांच्या शेतावर जाईनाशी झाली.

पुढच्या जुलैत तो गृहस्थ पुन्हा हजर! म्हणे, तसाच आणखी एक हवा. मी संतापून त्याला हाकलणार होतो, पण खाचरातून तीच बोलली, "आमी लावतो तसा काढा, नायतर वाट धरा."

"अहो ताई, वाकलेल्या पाठीचा फोटो कोण विकत घेणार?"

"मग इकू नका."

शेवटी त्याने तिच्या पाठीमागून फोटो काढला आणि वीस रुपये माझ्यापुढे धरले. मी खाचराकडे बोट दाखवलं. बूट काढून तो चिखलात उतरला आणि त्याने वीस रुपये तिच्या हातात दिले.