कोंडसुऱ्याचं वल्हं

शामकांत तांडेल जहाजांची इंजिनं दुरुस्त करतो, सिंगापूरमध्ये टॅम्पिनीसला राहतो आणि घरी कुणीही आलं की चहाच्या आधी भिंतीवरची चौकट दाखवतो. चौकटीत त्याच्या कोकणातल्या गावाचं, कोंडसुऱ्याचं, बोधचिन्ह. दोन लाटा म्हणजे खाडीचे दोन काठ, कंदील म्हणजे आशा, असं ग्रामपंचायतीच्या पुस्तिकेत छापलंय. "आणि हे उभं वल्हं म्हणजे आमचे बाबा!" हे तो स्वतः सांगतो. पुरात बाबांनी होडीतून एकवीस माणसं पलीकडे नेली, उरलेल्यांसाठी परत फिरले, आणि नंतर वल्हं तेवढं सापडलं.

आता खाडीवर पूल झालाय. मग गावाला नवं चिन्ह नको? पूल, उगवता सूर्य आणि डॉल्फिन! कोंडसुऱ्याच्या खाडीत डॉल्फिन कुणाच्या बापाने पाहिलाय? शामकांत नुसता चडफडत होता. सरपंच निशिकांत शाळेतला दोस्त, म्हणून ग्रामसभेत त्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं.

रविवारी दुपारी तो इस्त्रीचा शर्ट चढवून बसला. "पप्पा, इट्स जस्ट अ लोगो लाह!" लेक चैत्राली तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. त्याने तिला गप्प केलं.

तो दहा मिनिटं बोलला. टाळ्याही पडल्या. मग विरोधात असणाऱ्यांनी हात वर करा म्हटल्यावर त्याने हात ताठ वर केला.

"शाम्या, तुझा हात मोजता येत नाही रे," निशिकांत अवघडून म्हणाला. "मतदार यादीत तुझं नाव नाही आता."

नसणारच. सिंगापूरचं नागरिकत्व घेताना गेल्याच वर्षी त्याने भारताचा पासपोर्ट स्वतःच्या हाताने परत केला होता. बोंब तरी कुणाच्या नावाने मारायची?

"मग माझ्या आईला विचारा!" तो ओरडला. "तिचा हात मोजाल ना?"

"त्यांनी तर आधीच नव्या चिन्हाला होकार दिलाय," म्हणत निशिकांतने फोन पहिल्या रांगेत अरुणाबाईंसमोर धरला.

"बाळा, तुला ते वल्हं मिरवता येतं रे," आई म्हणाली. "मी रेशनला निघाले की कमानीवर तेच, पाणीपट्टीच्या पावतीवर तेच. तीस वर्षं. रोज तुझे बाबा माझ्यादेखत परत फिरतात. तेव्हा पूल असता तर जेवायला घरी आले असते. पूलच असू दे."

वल्हं बघून आईला काय वाटतं, हे शामकांतने आजवर एकदाही विचारलं नव्हतं.

ठराव मंजूर झाला. सभा नळाच्या पाण्यावर भांडू लागली.

"पप्पा," चैत्राली हळूच म्हणाली, चक्क मराठीत, "हात खाली घ्या ना आता."