कॉम्प्युटरचं सोवळं

हे बघा, चहा घशात अडकला तर मला बोलायचं नाही. मी जी माती खाल्लीय ना, ती ऐकून भलेभले ठसकलेत!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत आमची पंप बनवणारी कंपनी. तिथे पहिलावहिला कॉम्प्युटर आला. त्याला एसी खोली, दाराबाहेर चपला काढायच्या, आणि आत मी! ट्रेनिंग घेतलेला एकमेव माणूस. काय तोरा होता माझा, विचारू नका.

खंडेनवमीला कारखान्यातल्या लेथबरोबर त्याचीही पूजा झाली. हळदकुंकू, झेंडूचा हार, सगळं. आणि दसऱ्याची सुट्टी संपवून येतो तर कॉम्प्युटरचा पडदा काळाठिक्कर! साहेब तडक आले.

"सावंत, दुपारी जर्मनीहून एक पाहुणे कॉम्प्युटर बघायला येतायत. चालला नाही तर तुम्ही परत पॅकिंग खात्यात!"

वाट लागली! पॅकिंगमध्ये दिवसभर खोक्यांना खिळे ठोकायचे हो!

कॉम्प्युटरची पेटी उघडायची ठरवली. पण ट्रेनिंगवाल्याने घाबरवून सोडलं होतं. अंगात म्हणे वीज साठते, टेरिलिनच्या कपड्यांनी तर जास्तच. नुसतं बोट लागलं तरी आतला माल खलास! मी टायपिस्ट नाईकबाईंना दाराबाहेर उभं केलं, कुणाला आत सोडू नका म्हणून. अंगठी काढली, घड्याळ काढलं. मग खाली बघितलं. शर्ट टेरिलिनचा, पँट टेरिकॉटची! तुम्हीच सांगा, काय करणार? दोन्ही उतरवली. जाळीचं बनियन कशाचं असतं कोण जाणे, तेही उतरवलं. आणि नाईकबाईंनीच कॉम्प्युटरसाठी शिवलेलं झालरीचं कव्हर कमरेला गुंडाळलं. अस्सल सुती, एकदम झकास!

पेटी उघडून आत डोकावतो तोच बाहेर साहेबांचा आवाज. पाहुणे लवकर आले होते!

"नाईकबाई, बाजूला व्हा."

"नको साहेब, आत... आत सावंत..."

"काय करतायत सावंत?"

बिचारी काय सांगणार? म्हणाली, "पूजा करतायत!"

"अरे वा! पाहुण्यांना हेच तर दाखवायला हवं!"

दार उघडलं. मी उघडाबंब, कमरेला झालर, हातात स्क्रूड्रायव्हर, समोर हार घातलेला कॉम्प्युटर. साहेबांचे डोळे बाहेर यायचे बाकी होते. आणि पाहुणे? बूट काढून हात जोडून उभे!

आता मंत्र म्हणणं आलं. पण घाबरल्यावर एक तरी आठवावा ना! मी सूर लावून एकोणतीसचा पाढा सुरू केला. एसीत कुडकुडत होतो, त्यामुळे आवाजाला असा कंप आला की पाहुण्यांनी डोळेच मिटले.

पाढा संपला. पाहुण्यांनी वाकून पेटीत बघितलं, दचकले, भिंतीपाशी जाऊन काहीतरी खुडबुडले. परत येऊन आतलं सर्किटचं एक सैल कार्ड अंगठ्याने दाबलं. पुन्हा भिंतीपाशी गेले, आणि पडदा उजळला! सुटलो रे देवा, पॅकिंग टळलं!

पाहुणे साहेबांच्या कानात काहीतरी कुजबुजले.

"काय म्हणतायत, साहेब?" मी कव्हर सावरत विचारलं.

"पूजा फार आवडली म्हणतायत. फक्त पेटी उघडण्याआधी..." साहेबांनी भिंतीकडे बोट दाखवलं.

अंगावरचं होतं नव्हतं ते सगळं मी काढलं होतं हो! भिंतीतला प्लग तेवढा काढला नव्हता.