चंद्रावर राहिलेली साळू

कुंडलिक एका जागी बसून वाचतोय, असं मी कधी पाहिलं नाही. आमच्या भोरच्या वाचनालयात तो खांबाला पाठ लावून उभा राही, या पायावरून त्या पायावर भार टाकी आणि ओठ हलवीत मासिक वाची. तेवढ्यासाठी हा माणूस दर महिन्याला मार्गासनीहून नसरापूरमार्गे चालत येई. अंक बाहेर न्यायला मनाई होती. म्हणून चंद्रावर गेलेल्या चार माणसांच्या गोष्टीचा नवा भाग तो दोनदा वाची, डोक्यात भरून नेई आणि गावात मारुतीच्या पारावर सगळ्यांना सांगे. मी तिथला ग्रंथपाल. त्याच्या चुळबुळीचा मला वैताग येई, आणि तो मी लपवतही नसे.

शिक्षण मराठी चौथी, भाताची दोन खाचरं, तीही थोरल्या भावाच्या हुकमाखाली. घरात त्याला कुणी विचारत नव्हतं. पण पारावर तो बोलू लागला की तोच भाऊ चिलीम बाजूला ठेवून ऐके, हे त्यानं मला दहा वेळा तरी सांगितलं असेल.

अडतीस साली आम्ही असल्या गोष्टींच्या वाचकांचा मेळावा भरवायचं ठरवलं. चंद्राच्या गोष्टीचे लेखक स्वतः पुण्याहून येणार होते. वाचनालयाच्या दारावर जाहिरात लागली आणि पुढच्याच बाजारी कुंडलिक माझ्यासमोर उभा राहिला. हातातल्या टोपीचा त्यानं चोळामोळा केला होता.

"श्रीपादराव, त्ये लेखकाला सवाल इचारायचं तेवढं रद करा."

"का बरं?"

"आमचं गाव येतंय. दोन गाड्या जुंपनार हायती."

मग एकेक बाहेर आलं. मागच्या साली एकदा तो आला, तर नवा अंक वाचनालयात नव्हता. तो माझ्या घरी होता. माझ्या बायकोला, सुहासिनीला, पुढचं कळल्याशिवाय चैन पडत नव्हतं, आणि नियम काय, ते लोकांसाठी असतात. कुंडलिक हात हलवीत परत गेला. पारावर माणसं वाट बघत बसलेली. मग त्यानं स्वतःच रचून सांगितलं.

"अंबूआत्या आदीपास्नं इचारतच हुती, चार बाप्ये गेले तर भाकरी कोन थापतंय म्हनून. म्या साळू घातली इमानात. तान्हं पोर सासूकडं ठिवून गेलेली."

पुढच्या महिन्यात खरा अंक मिळाला, पण गावाला आता साळूशिवाय गोष्ट नको होती. सहा महिन्यांपूर्वी मासिकातली गोष्ट संपली, चौघं सुखरूप परतले. कुंडलिकनं साळूला मात्र चंद्रावरच ठेवलं.

"ती आली असती तर गोष्ट सपली असती," तो म्हणाला. "मंग पारावर कोन आलं असतं? आन आता लेखकानं न्हाई म्हनलं, की परत कुनी माज्याम्होरं बसनार न्हाई."

मला त्याची कीव यायला हवी होती. आला तो रागच. बहुधा त्या अंकामुळे. कार्यक्रम छापून झालाय, असं सांगून मी त्याला वाटेला लावलं.

मेळाव्याला शाळेचं सभागृह भरून गेलं. चित्रकलेच्या मास्तरांनी पुठ्ठ्याचं विमान करून आढ्याला टांगलं होतं, आणि स्वतः डोक्यावर पितळी घंगाळ पालथं घालून चंद्रवासी म्हणून दारात उभे होते. भिंतीवर चंद्राचा भलामोठा नकाशा होता. त्याच्यापुढे दोन वकील मंगळावर पाणी आहे की नाही यावरून हमरीतुमरीवर आले होते. कोपऱ्यात जुन्या अंकांची अदलाबदल चालली होती. मार्गासनीची मंडळी मागच्या सतरंजीवर अंग चोरून बसली. कुंडलिक दाराशी उभा, आत एक पाय, बाहेर एक. मीही सारखा घड्याळ बघत होतो. वेळ संपून प्रश्न राहून गेले तर बरं, असं मनात येऊ लागलं होतं.

वेळ संपली नाही. दोन-तीन प्रश्न झाले आणि अंबूबाई पदर सावरीत उठली. साठीच्या पुढची, कुंडलिकची चुलत आत्या. तिची एकुलती लेक घाटाखाली कोकणात दिलेली. तीन वर्षं माहेरी आली नव्हती.

"आवं दादा," ती लेखकांना म्हणाली, "आमची साळू कवा येनार खाली?"

लेखकांनी आमच्याकडे पाहिलं. "कोण साळू? बाई, माझ्या गोष्टीत एकही स्त्री नाही. चंद्रावर बायकांचं काय काम?"

सभागृह खदाखदा हसलं. वकील हसले, घंगाळवाले मास्तर हसले. अंबूबाई तशीच उभी. तिला वाटलं आपणच काही चुकीचं बोललो, आणि ती खाली बसायला जागा चाचपू लागली. मला शरमेनं मान वर करवेना.

तेवढ्यात कुंडलिक आत आला. सबंध सभागृह ओलांडून तो आत्याजवळ गेला. आवाज त्याचा पार पहिल्या रांगेपर्यंत ऐकू आला.

"आत्याचं काय चुकलं न्हाई. साळू ह्यांची न्हाई. म्या रचली. सगळी म्याच रचली."

हसणं थांबलं. सतरंजीवरच्या भावानं मान फिरवली. कुंडलिक हात जोडून उभा राहिला, आता काय होईल ते होवो म्हणून.

अंबूबाई त्याच्याकडे वळली.

"म्हंजी तिला आनायचं तुज्या हातात हुतं?" ती म्हणाली. "मंग मुडद्या, सा म्हैनं त्या पोराला आईबिगर का ठिवलंस?"