शनवार तेल्यांचा रेगे

"अरे, एक तरी दाखव! तीन मागतोय, एक तरी दाखव!"

कॅनडात, मिसिसागातल्या एका कम्युनिटी सेंटरच्या पार्किंग लॉटमध्ये, गुडघाभर बर्फात उभे राहून माझे पप्पा आभाळावर ओरडत होते, आणि ते आभाळ, ओल्या गोधडीसारखं खाली लोंबलेलं, ढिम्म हलत नव्हतं. शेजारी मी... पाठीवर माझ्याहून उंच बेस गिटार, नाकात ओल्या लोकरी हातमोज्यांचा वास, आणि पायांची अशी चुळबुळ की खालचा बर्फ वितळून तिथे तळं झालं आणि बदकं आली, असं मी आजही शपथेवर सांगते.

आम्ही अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. शुक्रवारचा सूर्य बुडाला की आमचा शब्बाथ सुरू, तो शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत. तोवर काम नाही, वाद्य नाही. "पूर्वजांनी शनिवारी तेलाचा घाणा थांबवला, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. आणि तुझं ते गिटार थांबत नाही?" — हे पप्पांचं ब्रह्मास्त्र.

गिटार दिलं होतं क्लाइव्हसरांनी. आमच्या शाळेचे संगीतशिक्षक, मूळचे जमैकाचे. दर बुधवारी त्या सेंटरच्या बेसमेंटमध्ये ते मुलांना रेगे, म्हणजे त्यांच्या बेटावरचं संगीत, शिकवत, पण आल्या आल्या वाद्याला हात लावू देतील तर शपथ. आधी जुन्या रेकॉर्ड मऊ फडक्याने पुसायच्या — त्या काळ्या तबकड्यांचा, जुनाट पुठ्ठ्याचा आणि सरांच्या खिशातल्या जायफळाचा मिळून एक उबदार दरवळ तिथे साठलेला असे... मग ते गाणं किंग्स्टनच्या कुठल्या गल्लीत, कुणाच्या अंगणात, कुठल्या संतापातून जन्मलं ते ऐकायचं, आणि मग कुठे वाजवायचं. "तुमच्या आज्यांना हे ठाऊक आहे, तुम्हाला नाही. मध्ये मी उभा आहे," सर म्हणत. कोपऱ्यात त्यांनी सुताराकडून करून घेतलेली, कपाटाएवढी — खरं तर बंगल्याएवढी — स्पीकरपेटी होती. तिच्यातून बेसची जाड तार घुमली की तिकडे हॅमिल्टनला पोलादाच्या कारखान्यातली माणसं दचकून छताकडे बघत.

बेसवाचून रेगे म्हणजे कोकमावाचून सोलकढी, आणि साऱ्या वर्गात बेस वाजवणारी मी एकटी. त्या हिवाळ्यात शहराच्या ऑफिसातल्या एक बाई आम्हाला ऐकायला येणार होत्या. त्यांना पटलं तर वर्ग चालू राहणार, नाहीतर बेसमेंटमध्ये योगा. हॉल मिळाला तो नेमका शनिवारी.

पप्पा सरांशी भांडायला तावातावाने गेले आणि दोन तासांनी इतिहास बदलून परत आले. हातात सरांच्या घरचा डबा, नारळाच्या दुधात शिजवलेल्या राजमा-भाताचा. "आपल्या पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्याला फुटलं, बरोबर? सोबत दुसरं असणारच. ते भरकटत जमैकाला लागलं! नाहीतर त्यांच्या गाण्यांत आपलं सियोन, गाण्यांत आपला दावीद आणि भातात नारळ, हे सगळं एका घरात कसं?"

"मध्ये आख्खी आफ्रिका येते हो," आई म्हणाली.

"वळसा घातला असेल!"

तर सर घरचेच ठरले, आणि घरच्या माणसाला नाही कसं म्हणायचं? कार्यक्रम होऊ दे — फक्त तारे दिसल्यावर. सरांनी वेळ संध्याकाळवर ढकलली. हिवाळ्यात सूर्य लवकर बुडतो, हे सगळ्यांना माहीत होतं. ढगांना कुणी विचारलं नव्हतं.

आत ड्रम सुरू झाला होता. कीबोर्डचे तुटक ठोके भिंतीतून ऐकू येत होते, आणि त्यांच्या मधोमध एक मोठं भगदाड — माझ्या जागेचं. सर कोट न घालता, नुसत्या शर्टावरच धावत बाहेर आले. "ब्रदर, त्या बाई कोट घालतायत!"

"पप्पा, प्लीज! लेट्स जस्ट गो इन!"

"नियम म्हणजे नियम!" पप्पा गरजले. मग सरांच्या चेहऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वर बघितलं... आणि एकदम बोट उंचावलं. "एक! तो दुसरा! आणि तो, झाडामागे, तिसरा! पळ!"

मी वर बघायला थांबलेच नाही. पहिलाच सूर असा लागला की छपरावरचा बर्फ धाडकन खाली आला, आणि बाईंच्या कोटाची बटणं तुटून हॉलभर उडाली... बरं, बटणांचं राहू दे. त्या पुन्हा बसल्या, एवढं मात्र खरं. वर्ग वाचला.

आता त्या जागी काचेचा कॉन्डो आहे. सर नाहीत. रेकॉर्ड माझ्या बेसमेंटमध्ये आहेत, आणि बुधवारी त्या गाडीत घालून मी स्कारबरोच्या एका शाळेत नेते. तिथली मुलं विंडशील्ड पुसावी तशा त्या पुसतात, आणि माझा जीव वरखाली होतो. बर्फाचे ढग उतरून आले की अजूनही मला एका जागी बसवत नाही.

परवा अशाच एका संध्याकाळी पप्पांना विचारलं, "एवढ्या ढगांतून तुम्हाला तीन तारे दिसले तरी कसे?"

चहात टोस्ट बुडवत, मान वर न करता ते म्हणाले, "विमानं होती."